वैशाखऱ्याच्या ओटीवर भरून ठेवलेला तांब्या

मित्रांनो, मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालात की टोकावड्यानंतर वैशाखरे गाव लागतं. तिथे रस्त्याला लागूनच रामूचं कौलारू घर आहे. त्या घराच्या ओटीवर, दाराच्या डाव्या अंगाला, पाण्याने भरलेला एक जुना पितळी तांब्या ठेवलेला असतो. तो मी. माझ्या गळ्याशी एक पोचा आहे आणि बूड जरा कललेलं आहे, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर मला ठेवलं तर मी डुलतो. कुणी हसलं तर खुशाल हसू दे. मी माझं काम इमानाने केलं आहे, आणि माझं काम म्हणजे या घरी येणाऱ्याच्या पायांवर पाणी घालणं.

माझा जन्म एका तांबटाच्या ओसरीवर झाला. त्याने मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. दुखलं का म्हणाल तर दुखलंच. पण ठोके खाल्ल्यावाचून पितळेला ना पोट सुटतं ना गळा येतो, हे मला पुढे कळलं. अंग चकचकीत झाल्यावर त्याने मला इतर भांड्यांबरोबर पोत्यात भरलं आणि पौषात म्हसा गावच्या जत्रेत नेलं. बैलांचं हंबरणं, घोंगड्यांचे ढीग आणि माणसांची ही झुंबड. मी बिचकून गेलो होतो. तिथे एक बाई आली. तिने मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक वाजवलं, कान लावून आवाज ऐकला, मग पाणी भरून कोरड्या धुळीवर धरलं. धुळीत एकही थेंब पडला नाही तेव्हा कुठे तिने भाव करायला तोंड उघडलं. ही बाईजा. ती घासाघीस करायला बसली की दुकानदार रडकुंडीला यायचा, आणि आलाही.

त्या बाईजाचा मुलगा म्हणजे रामू. आज तो म्हातारा आहे, गावातली पोरंठोरं त्याला रामूबाबा म्हणतात. पण मी त्याला या ओटीवर रांगताना पाहिलं आहे. माझ्या काठाला धरून तो उभं राहायला शिकला आणि त्या नादात त्याने माझं पाणी स्वतःच्या अंगावर ओतून घेतलं. तेव्हा मी त्याला रामूच म्हणणार.

बाईजाच्या घराची एक रीत होती. आलेला माणूस अंगणात थांबायचा आणि हाक द्यायचा, कोणी हाय का घरात. आतून ओ आली की तो पायातलं काढून ठेवायचा. मग मला उचलून त्याच्या पायांवर पाणी घातलं जायचं. तो ओटीवर टेकला की गूळ-पाणी यायचं, आणि ते पाणी घशाखाली उतरेपर्यंत त्याला कुणी काही विचारत नसे. मी माणसं पायांवरून ओळखायला शिकलो ती तेव्हाच. नाणेघाट उतरून येणाऱ्यांच्या टाचा भेगाळलेल्या असत, बोटांत काटे रुतलेले असत. माहेरवाशिणींचे पाय घाईत असत. एकदा हळदीने माखलेले, भेदरलेले दोन पाय माझ्यासमोर उभे राहिले, ती अंबूबाई, रामूची नवी नवरी. मी तिच्या पायांवर जपून पाणी घातलं होतं, गार लागू नये म्हणून.

पण बाईजाचे दोन नियम या साऱ्याच्या वरचे होते. एक, पाहुण्याला कधी येणार आणि कधी जाणार असं विचारायचं नाही. दुसरा, येतो म्हणालेला पाहुणा येऊन जेवेपर्यंत घरातल्या कुणी ताटावर बसायचं नाही. मित्रांनो, हे ऐकून नाक मुरडू नका. घाट उतरून पायी येणाऱ्याला आपण कधी पोचू हे स्वतःलाच ठाऊक नसायचं, त्याला विचारून काय उपयोग? उलट विचारलं तर त्याला वाटायचं, आपण यांना जड झालो. आणि तो बिचारा उपाशीपोटी डोंगर उतरत असताना आपण इकडे ढेकर देत बसणं बाईजाला फार कमीपणाचं वाटे. तो काळच तसा होता. येतो म्हणणारा माणूस तेव्हा फार तर घटकाभर उशिरा यायचा, कारण वाटेत त्याला रमवायला काही नव्हतं. रामूने हे दोन्ही नियम आईच्या दुधाबरोबर घेतले.

मग दिवस पालटले. गावात नळ आला. पाहुणे बूटमोजे घालून मोटारसायकलवरून येऊ लागले, पायांना धूळच लागेना. मोरीत लाल प्लास्टिकचा मग आला. एके दिवशी मला माळ्यावर फुटक्या सुपांशेजारी ठेवलं, आणि विसरले. मी काळा पडलो. माळ्यावर मी खालचे आवाज ऐकत असे. बाईजा गेली त्या दिवशीचं रडणं मी वरून ऐकलं, रामूच्या मुलाच्या, स्वरूपच्या लग्नाची वाजंत्री वरून ऐकली. तिच्या जाण्याला नाही आणि त्याच्या लग्नालाही नाही, कुणाला माझी आठवण झाली नाही. मला वाईट वाटलं. पितळेलाही वाईट वाटतं, फक्त ते दाखवायला त्याच्याकडे काळं पडण्याखेरीज दुसरी सोय नसते.

मला खाली आणलं ते सुनेने. स्वरूपची बायको कुणाली ही शहापूरकडची. पोरगी मोठी हिकमती. स्वरूप मुरबाडला कारखान्यात पाळीवर जायचा, आणि पावसाळ्यात घाटातले धबधबे बघायला गाड्यांची रांग या घरावरून जायची. कुणालीने परसातल्या पडवीत दोन खोल्या काढल्या, पलंगांवर धुतलेल्या चादरी घातल्या आणि रस्त्याकडेला पाटी लावली, मुक्काम आणि न्याहारी. मला माळ्यावरून काढून चिंचेने आणि राखेने असं घासलं की मी स्वतःलाच ओळखेना. एवढं करून तिने माझ्या पोटात काय घातलं असेल? कागदाची फुलं. मला एका स्टुलावर ठेवलं आणि येणारे-जाणारे माझ्याबरोबर फोटो काढू लागले.

रामूने ते दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने फुलं काढून खिडकीत ठेवली, मला पाण्याने भरलं आणि दाराच्या डाव्या अंगाला जुन्या जागी नेऊन ठेवलं. कुणाली बघतच राहिली. तिने विचारल्यावर तो एवढंच म्हणाला की तांब्या भरलेला बरा. तिला हसू आलं, पण तिने मला पुन्हा हलवलं नाही. त्या दिवशी मी पुन्हा जिवंत झालो. मित्रांनो, हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही.

नवे पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. एक बाई टोकावड्यालाच थांबून फोन करायची, अंगणात उभी राहून हाक मारायची, चपला कुठे काढू म्हणून विचारायची. ती आली की रामूची कळी खुलायची. काही जण मात्र गाडीतून उतरले की बुटांसकट थेट चुलीपर्यंत जायचे, जणू काही घर नव्हे, दुकान. एकाने माझ्यात विडीचं थोटूक विझवलं. रामूने मला पुन्हा पुन्हा घासलं, आणि संध्याकाळी त्याच माणसाला वालाचं बिरडं वाढलं. रामूच्या तोंडून पाहुण्याबद्दल वावगा शब्द कधी निघाला नाही. मी मात्र त्या थोटकाला अजून माफ केलेलं नाही.

अशातच रामूला साखरेचं दुखणं लागलं. टोकावड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, गोळी घेतली की पोटात अन्न गेलंच पाहिजे. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल आणि बसल्या जागी कोसळाल. कुणालीने ते पक्कं मनात धरलं. रोज गोळी ती स्वतः हातावर ठेवायची आणि ताट समोर आणून ठेवायची. पण पाहुणे यायचे असले की पंचाईत व्हायची. रामू गोळी घ्यायचा आणि ताट बाजूला सारायचा. ते आले की जेवतो, म्हणायचा. आजवर पाहुणे थोडेफार मागेपुढे येऊन पोचत होते म्हणून निभावत होतं. कुणालीचा जीव मात्र टांगणीला लागलेला असे. अंबूबाई मधल्यामध्ये गप्प बसायची. ती बाईजाच्याच हाताखाली तयार झालेली, तिचा स्वतःचाच घास पाहुण्याआधी उतरत नसे.

आता त्या रविवारचं सांगतो. श्रावण चालू होता. डोंबिवलीच्या हरेश नावाच्या माणसाने बायको-मुलांसह यायचं ठरवलं होतं, दुपारी जेवायलाच येतो, असं आदल्या दिवशी कळवलं होतं. पण रविवारी सकाळीच शहापूरहून निरोप आला की कुणालीची आई मोरीत घसरून पडली. कुणालीने हातासरशी सगळा स्वयंपाक उरकला. बिरडं, अळूचं फदफदं, तांदळाच्या भाकऱ्या, भात. स्वरूप मोटारसायकल घेऊन अंगणात उभा राहिला. निघताना ती सासऱ्याजवळ आली आणि म्हणाली की मी हरेशभाऊंना फोन लावते, नक्की कधी येणार ते विचारून घेते, म्हणजे तुम्हाला कळेल.

रामूने तिचा हात धरला. "पावन्याला कवा येनार असं इचारू नाय, पोरी. त्याला वाटंल, आमी वाट बघून दमलो."

कुणालीने खूप विनवलं. शेवटी तिने गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि शब्द घेतला की गोळी घेतल्यावर तो जेवेल. त्याने मान डोलावली. तिची आई तिकडे पडलेली, स्वरूपने गाडी चालू केलेली, ती गेली. रामूने जेवणवेळ झाल्यावर गोळी घेतली. सुनेला दिलेल्या शब्दातला तेवढा अर्धा त्याने पाळला. उरलेला अर्धा पाळायला पाहुणा यायचा होता.

त्याने मला घासलं, भरलं, ओटीवर ठेवलं आणि माझ्याशेजारी बसला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एका पांढऱ्या गाडीची गती आमच्या दारासमोर जरा कमी झाली. आतून कुणीतरी पाटीकडे बोट दाखवलं, मुलं काचेला नाक लावून हसली. रामू अर्धा उठला. पण गाडी थांबली नाही, घाटाच्या दिशेने निघून गेली. तो पुन्हा बसला. ती गाडी हरेशचीच होती हे आम्हाला नंतर कळलं. ऊन पडलं होतं, मुलांना धबधबा बघायची घाई झाली होती, आणि घर तर काही पळून जात नव्हतं.

घाटात गेलं की फोन लागत नाही. लागला असता तरी हरेशने तो केला असता का, कोण जाणे. त्याला त्यात कळवण्यासारखं काही वाटलं नसावं. तिकडे त्यांनी धबधब्यात भिजून घेतलं, टपरीवर गरम मॅगी खाल्ली, भाजलेली कणसं खाल्ली. इकडे बिरड्यावर साय धरली. अंबूबाई दोनदा दारात आली. दुसऱ्यांदा म्हणाली की दोन घास तरी खाऊन घ्या, तुमी गोळी घेतलीय.

"पावना वाटंत हाय आन् मी ताटावर बसू?" रामू म्हणाला. "आयेनं हेच शिकवलं का आपल्याला?"

सासूचं नाव निघालं की अंबूबाईचं तोंड बंद व्हायचं. ती आत गेली आणि तीही उपाशीच बसली. मित्रांनो, मला वाचा नाही याचं दुःख मला आयुष्यात एकदाच झालं आहे, ते त्या दुपारी. बाईजा मला ठाऊक होती. ती कडक होती, पण आपलं पोर उपाशी मरावं म्हणून तिने तो नियम केला नव्हता. हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

उन्हं कलली. रामूने मला पुन्हा हातात घेतलं. का, ते त्यालाही कळलं नसावं. त्याचा हात मी जन्मभर ओळखतो, कोरडा आणि खरखरीत. तो हात आता गार पडला होता आणि घामाने ओला झाला होता. हवेत गारवा होता तरी त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. तो मला घेऊन हंड्यापाशी गेला आणि माझ्यात पाणी ओतू लागला. मी भरलेलोच होतो. पाणी काठावरून वाहू लागलं, त्याच्या पायांवर पडलं, तरी तो ओततच राहिला.

"आये, पानी भरलंय गो मी," तो म्हणाला. "आले का ते?"

तेवढ्यात ती पांढरी गाडी अंगणात वळली. रामूचा चेहरा उजळला. तो मला घेऊन पायरीकडे निघाला, पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला. पहिल्या पायरीवर त्याचा पाय लटपटला. आम्ही दोघं बरोबरच पडलो. तो उजव्या हातावर पडला, मी गडगडत अंगणात गेलो आणि हरेशच्या बुटाला लागून थांबलो.

अंबूबाई किंचाळत बाहेर आली. हरेश जागच्या जागी खिळून उभा राहिला. त्याची बायको दिशा मात्र धावली. तिच्या वडिलांनाही साखरेचं दुखणं होतं, तिने तो घाम आणि ती भरकटलेली नजर पूर्वी पाहिलेली होती. रामूचे डोळे उघडे होते, पण तो कुणाला ओळखत नव्हता. दिशाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "यांना शुगर आहे का? जेवलेत का हे?"

"नाय गो," अंबूबाई म्हणाली. "तुमची वाट बघत व्हते. आमी कोनीच जेवलो नाय."

हरेशचा मुलगा बापाच्या शेजारी उभा होता. त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस होतं. हरेशने त्या कणसाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दिशाने साखर मागितली. अंबूबाईने साखरेचा डबा आणला, आणि पाणी द्यायला हाताशी आलं ते भांडं उचललं. तो मी होतो. पाय धुवायच्या तांब्यातलं पाणी प्यायला द्यायचं नसतं, हे या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तिच्या हाताला ते क्षणभर जाणवलं, मी ते ओळखलं. मग तिने मला खळखळून विसळलं, हंड्यातलं पाणी भरलं, मूठभर साखर टाकली आणि माझा काठ नवऱ्याच्या ओठांना लावला. रामूला अजून गिळता येत होतं, म्हणून दिशा थेंब थेंब देत राहिली. सगळ्या आयुष्यात माझं पाणी माणसाच्या ओठांना तेव्हा पहिल्यांदा लागलं. मी देवाला विनवत होतो, मित्रांनो. मला कोणता देव आहे ते मला ठाऊक नाही, तरी विनवत होतो.

थोड्या वेळाने रामूची नजर ताळ्यावर आली. हरेशने त्याला उचलून गाडीत ठेवलं आणि अंबूबाईला बरोबर घेऊन टोकावड्याचा दवाखाना गाठला. मागे घर उघडं होतं, म्हणून दिशा मुलांना घेऊन ओटीवर बसून राहिली. आत झाकून ठेवलेली ताटं तिला दिसत होती. मुलांनी दंगा केला नाही. त्यांनी बूट काढून पायरीखाली नीट लावून ठेवले. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कुणाली आणि स्वरूप दिवेलागणीच्या आत परतले. दिशाने जे झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कुणालीचा चेहरा पांढरा पडला. ती दिशावर ओरडेल असं मला वाटलं, पण ती स्वतःवरच चिडली होती. फोन करायला हवा होता, बाबांचं ऐकायला नको होतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दिशा म्हणाली की फोन तुम्ही करायचा नव्हता. तो आम्ही करायचा होता.

रामू परत आला तो उजवा हात गळ्यात बांधून. मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, थोडा आणखी उशीर झाला असता तर हाडावर निभावलं नसतं. हरेशने त्याला धरून ओटीवर बसवलं आणि स्वतः खाली पायरीवर बसला. मग म्हणाला, "काका, मी याला हॉटेल समजलो. पैसे भरले की खोली आपली, केव्हाही जावं. हॉटेलात आपल्यासाठी कोणी उपाशी बसत नाही हो."

रामूने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी तो दोन शब्द सुनावेल. त्याने काय विचारावं? त्याने विचारलं, "तुमी जेवलाव का?" हरेश उठला, आत गेला, अंबूबाईला मदत करून ताटं घेतली, आणि ती सगळी माणसं एका पंगतीला बसली. कुणालीने सासऱ्याला डाव्या हाताने घास कसा घ्यायचा ते दाखवलं.

हाड सांधलं, पण मनगट वाकडं राहिलं. भरलेला तांब्या पेलण्याची ताकद रामूच्या उजव्या हातात परत आली नाही. आता पाहुण्यांच्या पायांवर पाणी अंबूबाई घालते किंवा पाहुणे स्वतःच घालून घेतात. रामू शेजारी बसून बघतो. एकदा त्याने कोणी नसताना मला उचलायचा प्रयत्न केला. मी त्याच्या बोटांतून निसटलो आणि ओटीवर आपटलो. गळ्यापाशी पोचा आला तो तेव्हाचा. त्याने मला कुशीत घेतलं आणि डाव्या अंगठ्याने तो पोचा चाचपला.

घरात मात्र वादाला तोंड फुटलं होतं. कुणाली म्हणे, यापुढे प्रत्येक पाहुण्याला फोन करून वेळ विचारणार. रामू म्हणे, आईचा शब्द मी मोडणार नाही. दोघंही हट्टी, आणि दोघांचाही एकमेकांवर जीव. तोड कुणालीनेच काढली. ती पाहुण्यांना फोन करू लागली, पण कधी येणार असं विचारीना. ती विचारू लागली, तांब्या केव्हा भरून ठेवू? पाहुण्यांना आधी ते कळत नसे. मग ती सांगायची की आमच्याकडे पाहुण्यासाठी पाणी भरून ठेवतात, ते शिळं होऊ नये म्हणून विचारते. लोक हसून वेळ सांगायचे. रामूने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला, आयेला हे चाललं असतं. माझ्या नावाने एवढं मोठं काम होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तरीही एक गाठ सुटायची होती. वेळ कळली तरी पाहुण्याआधी जेवायला रामू तयार नव्हताच. तो आपला वेळ बघून गोळी पुढे-मागे करायचा, आणि डॉक्टरीणबाई रागवायच्या. कुणालीची काळजी तशीच राहिली होती.

पुढच्या श्रावणात हरेश पुन्हा यायला निघाला. रामूने जेवणवेळेला गोळी घेतली, कारण तोवर ते पोचणार असं ठरलं होतं. मला भरून ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. कुणालीने तो सासऱ्याच्या कानाशी धरला, आणि मी जवळच असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काका, सरळगावला गाड्या अडकल्यात, रांग हलत नाही," हरेश म्हणाला. "आम्हाला उशीर होणार. तुम्ही जेवून घ्या."

रामू म्हणाला की काही हरकत नाही, या सावकाश, मी थांबतो.

"नाही काका. तुम्ही जेवलात असं घरच्यांनी सांगितल्याशिवाय मी गाडी पुढे काढणार नाही. इथेच उभा राहीन. बघा, पोरं भुकेली आहेत."

पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही, हेही रामूला आईनेच शिकवलं होतं. अंबूबाईने ताट वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं, आणि मग सासूच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच पाहुण्याआधी, स्वतःचंही ताट त्याच्या शेजारी मांडलं. रामूने डाव्या हाताने भात कालवला. घास तोंडाशी नेला, थांबला, रस्त्याकडे पाहिलं, आणि खाल्ला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उजवं मनगट वळत नव्हतं आणि डाव्या हातात पुढचा घास होता, म्हणून ते त्याला पुसता येत नव्हतं. कुणालीने पदराने त्याचे डोळे पुसले आणि फोनवर सांगितलं की बाबा जेवताहेत, आता निघा.

मित्रांनो, सुट्टीत तुम्ही कुठेतरी जाल. एखाद्याच्या घरात उतराल, तिथल्या पलंगावर झोपाल, सकाळी त्यांच्या चुलीवरची न्याहारी खाल. जाण्याआधी केव्हा पोचणार ते सांगा, आणि वाटेत उशीर होत असेल तर तेही सांगा. दारात थांबून हाक द्या. चपला बाहेर काढा. कोणी पायांवर पाणी घालू लागलं तर लाजू नका, घालू द्या. मला विसरलात तरी माझी तक्रार नाही. मी पितळेचा आहे, मी दिवसभर तुमची वाट बघत बसेन, मला भूक लागत नाही. माझ्याशेजारी जो बसलेला असतो, त्याला लागते.